सात गेटवे आणि ग्रुपवर फिरलेली किल्ली : कामाच्या नोंदी

२ मे २०२५, सावदा

आखाजी (अक्षय तृतीया) होऊन दोनच दिवस झालेले. सकाळी साडेसातला पॅकहाऊसवरून सुपरवायझरचा फोन : "भाऊ, नेट चालून नाही राहिलं. चेंबरचं टेंपरेचरबी दिसत नाही." भुसावळहून तापीचा पूल ओलांडून पोचलो, तर गेटवे थंडगार. अ‍ॅडॉप्टर बदलला, वायर बदलली, एक दिवा लागेना. रात्री लाइट तीनदा आली-गेली होती म्हणे.

हेच काम करू बघणाऱ्यांसाठी पसारा एकदाच सांगतो. केळीचा व्यवहार, सात ठिकाणं : जळगावचं ऑफिस, सावदा-रावेर-फैजपूरची पॅकहाऊसं, यावल आणि चोपड्याची खरेदीची ठिकाणं, भुसावळचं गोडाऊन. प्रत्येक ठिकाणी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत लिनक्स सिस्टिम) टाकलेला एक राउटर, तोच गेटवे, म्हणजे नेटचं दार. बाकीची सहाही ठिकाणं वायरगार्डने, म्हणजे इंटरनेटवरून काढलेल्या कुलूपबंद बोगद्याने (टनेल), जळगावशी बांधलेली. वजनकाट्याचं कॉम्प्युटर, कॅमेरे आणि रायपनिंग (केळी पिकवायच्या) चेंबरचे सेन्सर असं सगळं त्यावरून जातं. चेंबर १३ अंशांच्या खाली उतरलं की केळीची साल काळवंडते, म्हणून सेन्सर दिसेनासा झाला की मालक आप्पांची झोप उडते.

नवा राउटर फैजपूरहून मागवला, ३,८०० रुपये. तोच मॉडेल मिळाला नाही. कॉन्फिगचा (राउटरच्या सगळ्या सेटिंगचा) बॅकअप माझ्या जुन्या लॅपटॉपवर होता आणि तो लॅपटॉप मी दिवाळीत विकलाय. तेव्हा सुपरवायझर अगदी सहज म्हणाला, "बॅकअप ना? तो तर ग्रुपवर आहे."

ग्रुपवर होताच. जानेवारीत मीच त्याला फोनवर म्हणालो होतो, बॅकअप डाउनलोड करून पाठव. कुणाला पाठव ते बोललो नव्हतो. त्याने तो व्हॉट्सअ‍ॅपवर पॅकहाऊसच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये ४६ जण. हमाल, गाडीवाले, खोके पुरवणारा, दिल्लीचे दोन व्यापारी.

त्या क्षणी मला फक्त बॅकअप सापडल्याचा आनंद झाला, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. फाइल नव्या राउटरवर चढवली, रीबूट केला, आणि तोही गप्प.

३ मे

कालचे पाच तास कशात गेले ते सांगतो. जुन्या मॉडेलमध्ये बाहेरच्या पोर्टचं नाव ‘ईथ-शून्य-डॉट-दोन’ होतं. नव्यात स्विचचं प्रत्येक पोर्ट वेगळं, नावं ‘वॅन’, ‘लॅन-एक’, ‘लॅन-दोन’. वायफायच्या फाइलमध्ये रेडिओचा हार्डवेअर पत्ता असतो, तोही वेगळा. जुनी फाइल नव्या डब्यात घातल्यावर आत जायला एकही दार उरलं नाही.

सुटका फेलसेफमधून, म्हणजे अडकलेला राउटर अगदी किमान गोष्टींवर चालू करण्याची सोय. चालू होताना दिवा लुकलुकतो तेवढ्यात रिसेटचं बटण दाबायचं, लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.२ हा पत्ता द्यायचा आणि १९२.१६८.१.१ वर एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवण्याची सुरक्षित वाट) शिरायचं. मला वेळ साधायला चौदा खेपा लागल्या. मग फर्स्टबूट मारून सगळं पुसलं आणि फोनवर चित्र बघत बघत हाताने पुन्हा भरलं.

जाता जाता एक गोष्ट डोक्यात अडकली : फेलसेफमध्ये शिरताना पासवर्ड विचारत नाहीत. ज्याचा हात डब्यापर्यंत पोचतो, त्याला आतलं सगळं वाचता येतं.

६ मे

आज तो ग्रुपवरचा बॅकअप शांतपणे उघडून बघितला. ती नुसती गुंडाळलेली टार फाइल असते, कुठलंही कुलूप नाही. आत साध्या अक्षरांत : पीपीपीओईचं (प्रोव्हायडरच्या लाइनवर लॉगिन करण्याचं) युजरनेम आणि पासवर्ड, वायरगार्डची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली), वायफायचा पासवर्ड. शिवाय शॅडो फाइल, म्हणजे रूट या मुख्य खात्याच्या पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून काढलेला ठसा), आणि एसएसएचची होस्ट की, म्हणजे राउटरची स्वतःची ओळख.

आणि खरी लाज पुढे आहे. रूटचा पासवर्ड सातही गेटवेंवर मी एकच ठेवला होता. वायफायचाही एकच. प्रोव्हायडरने तर सातही जोडण्यांना एकच पासवर्ड दिला होता आणि मी तो कधी बदलून मागितला नाही. म्हणजे सावद्याची एक फाइल फुटली आणि सातही घरांच्या चाव्या गेल्या. ग्रुपवरून ती आता ‘सर्वांसाठी डिलीट’ होत नाही, आणि झाली असती तरी ४६ फोनांतली थोडीच पुसली जाणार.

म्हणून क्रम ठरवला. आधी सगळं बदलायचं, आवराआवर नंतर. आज बसल्या बसल्या रूट आणि वायफायचे पासवर्ड बदलले, रूटचा पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त एसएसएच किल्लीने ठेवला. सावद्याची वायरगार्ड की नवी केली. पीपीपीओईचे सात नवे पासवर्ड प्रोव्हायडरकडे मागितले. "अर्ज करा" म्हणाले.

संध्याकाळी कागदावर दोन रकाने काढले. एकात अशी गुपितं जी पुन्हा बनवता येतात : वायरगार्डची की, एसएसएचची होस्ट की. दुसऱ्यात दुसऱ्याने दिलेली किंवा माणसांना पाठ झालेली : पीपीपीओई, वायफाय. पहिल्या रकान्यातलं काहीही साठवायचं नाही. गेटवे मेला तर नव्यावर नवी की बनवायची, जळगावला तिची पब्लिक की (उघडपणे देता येणारी जोडकिल्ली) नोंदवायची, दोन मिनिटांचं काम. इतकी वर्षं मी त्या किल्ल्या तिजोरीत जपल्यासारख्या जपत होतो आणि त्यापायीच त्या बॅकअपमध्ये, लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर सांडत होत्या. दुसरा रकाना केवढा उरतो? सात ठिकाणं, प्रत्येकी दोन ओळी.

९ मे

गिट रेपो (फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा साठा) केला, माझ्या लॅपटॉपवर आणि जळगावच्या ऑफिसातल्या जुन्या पीसीवर. बाहेर कुठेच नाही. नेटवर्क, वायरलेस, फायरवॉल, डीएचसीपी या फाइलींचे साचे बनवले. गुपिताच्या जागी नाव लिहिलेली मोकळी खूण, आणि प्रत्येक ठिकाणाची एक छोटी फाइल : पत्ता, सबनेट, राउटरचं मॉडेल. मॉडेलवरून पोर्टांची नावं ठरतात, ते सावद्याने शिकवलं.

उरलेला दिवस फायरवॉलच्या एका किरकोळ बदलात गेला. वजनकाट्याच्या कॉम्प्युटरला जळगावच्या सर्व्हरकडे वाट द्यायची होती. यूसीआयमध्ये (ओपनडब्ल्यूआरटीची सेटिंग लिहिण्याची पद्धत) नाव न दिलेले नियम क्रमांकाने ओळखतात, मोजणी शून्यापासून. ओपनडब्ल्यूआरटीचे मूळचे नऊ नियम शून्य ते आठ, म्हणून माझा पहिला नियम नववा. ‘नियम नऊ, परवानगी द्या’ अशी ओळ लिहिली, सातही ठिकाणी चालवली, चहा प्यायला गेलो.

११ मे, फैजपूर

चहा महागात पडला. फैजपूरला मी कधीतरी मूळच्या नऊंपैकी आयपीसेकचे दोन नियम काढून टाकले होते. तिथे माझे नियम सातपासून सुरू होतात आणि नववा नियम म्हणजे ‘कॅमेऱ्यांना बाहेर जाण्यास बंदी’. मी ती बंदी उठवली होती. दोन दिवस पॅकहाऊसचे चार कॅमेरे परदेशातल्या कुठल्याशा पत्त्यांशी गप्पा मारत होते. अपलोड का भरलंय म्हणून बघायला गेलो तेव्हा कळलं.

आता प्रत्येक सेक्शनला नाव आहे : ‘काटा_परवानगी’, ‘कॅमेरा_बंदी’, अर्थात इंग्रजी अक्षरांत. क्रमांक वापरणारी एकही ओळ रेपोत राहू नये म्हणून कमिटच्या (गिटमध्ये बदल नोंदवण्याच्या) आधी चौकटी कंस (क्रमांक त्यांतच लिहितात) शोधणारी छोटी स्क्रिप्ट लावली. तीच स्क्रिप्ट ‘पासवर्ड’ किंवा ‘प्रायव्हेट की’ या शब्दांपुढे मोकळ्या खुणेऐवजी दुसरं काही दिसलं तरी कमिट अडवते. पहिल्याच दिवशी तिने मला दोनदा अडवलं.

१६ मे

पीपीपीओईचे नवे पासवर्ड काल आले. नऊ दिवस, अकरा फोन.

जळगाव ऑफिसातल्या अकाउंटंट ताईंनी ते विंडोजच्या नोटपॅडमध्ये व्यवस्थित टाइप करून दिले, ‘नाव = पासवर्ड’ अशा सात ओळी. मी ती फाइल सॉप्स नावाच्या टूलने एन्क्रिप्ट केली. सॉप्स निवडण्याचं कारण : ते नावं तशीच ठेवतं, फक्त व्हॅल्यू झाकतं, त्यामुळे गिटमध्ये काय बदललं ते फाइल न उघडता दिसतं. कुलूप एज या एन्क्रिप्शनच्या टूलचं. लावायच्या वेळी वीस ओळींची शेल स्क्रिप्ट गुपितं उघडते, साच्यात भरते आणि एसएसएचवरून थेट गेटवेवर पाठवते. लॅपटॉपच्या डिस्कवर उघडी फाइल उरत नाही.

रात्री भुसावळ गोडाऊनवर लावलं. लाइन चढेना. लॉगमध्ये ऑथेंटिकेशन फेल. प्रोव्हायडरला चार फोन केले, एकदा आवाजही चढवला. त्यांच्याकडून पासवर्ड बरोबर, मी बघतो तोही बरोबर. रात्री एकला, काहीच सुचत नव्हतं म्हणून, शेलला त्या पासवर्डची लांबी विचारली. दहा अक्षरांचा पासवर्ड, उत्तर आलं अकरा.

नोटपॅडने ओळीच्या शेवटी सोडलेलं अदृश्य कॅरेज रिटर्न. ते पासवर्डचा भाग होऊन अवतरणचिन्हांच्या आत जाऊन बसलं होतं. स्क्रीनवर दिसत नाही, प्रोव्हायडरच्या सर्व्हरला मात्र दिसतं. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली, ते अक्षर छाटणारी. सकाळी प्रोव्हायडरच्या पोराला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "होतं भो."

२२ मे

एजची किल्ली माझ्या लॅपटॉपवर एकटीच होती. उद्या मी गाडीवरून पडलो तर आप्पांनी काय करायचं? सॉप्समध्ये दुसरी किल्ली जोडली. कुठल्याही एकीने फाइल उघडते. दुसरी फक्त कागदावर, जळगाव ऑफिसच्या तिजोरीत, बंद पाकिटात.

पाकीट बंद करण्याआधी अकाउंटंट ताईंना ती कागदावरून टाइप करायला लावली. तीनदा चुकली. किल्लीत चेकसम असतो, म्हणून चूक लगेच कळते, पण कुठे चुकलं ते कळत नाही. शेवटी मोठ्या अक्षरांत, चार-चारच्या गटांनी छापली आणि शेजारी क्यूआर. क्यूआर लॅपटॉपवरच बनवला. माझा एक मित्र अशा वेळी ऑनलाइन क्यूआर बनवणाऱ्या साइटवर किल्ली चिकटवतो, त्याला हे वाचून राग आला तर येऊ दे.

२७ मे, चोपडा

पुन्हा स्वतःला बाहेर कोंडलं. चोपड्याला कॉन्फिग पाठवली, त्यात एसएसएचच्या परवानगी असलेल्या किल्ल्यांची फाइलही होती. पाठवून झाली आणि त्यानंतर एसएसएच मला ओळखेना.

गिट फाइलचा ‘चालवता येते की नाही’ एवढाच बिट लक्षात ठेवतो, बाकी परवानग्या सोडून देतो. माझ्या लॅपटॉपवर ती फाइल ग्रुपला लिहिता येण्याजोगी तयार झाली आणि टारमधून तशीच गेली. ड्रॉपबेअर (राउटरवरचा एसएसएच सर्व्हर) अशी फाइल बघितली की तिच्यावर विश्वासच ठेवत नाही. बरोबरच आहे त्याचं. पासवर्डने शिरायचं दार मीच ६ तारखेला बंद केलेलं. भर उन्हात बाइकवर चोपडा, जाऊन-येऊन अख्खा दिवस, बटण दाबून फेलसेफ, एक चमोड (परवानग्या बदलणारी कमांड), परत. वाटेत शेवभाजी खाल्ली तेवढीच कमाई.

दोन बदल. स्क्रिप्ट आता परवानग्या स्वतः ठरवते, गुपितं असलेल्या फाइलींना ६००, म्हणजे फक्त रूटला वाचता-लिहिता येईल. आणि दूरच्या गेटवेला हात लावण्याआधी तिथे एक ओळ मागे सोडून ठेवतो : पाच मिनिटं थांब, जुन्या फाइली परत ठेव, रीबूट हो. मी पुन्हा आत शिरू शकलो तर ती ओळ मारतो. शिरू शकलो नाही तर पाच मिनिटांत गेटवे आपोआप पूर्वपदावर. हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

७ जून, रावेर

परवा संध्याकाळी वारं-पाऊस, लाइट चार तास गायब. लाइट आली, नेट आलं, टनेल आला नाही.

हे कोडं दीड दिवसाचं होतं. राउटरला बॅटरीवरचं घड्याळ नसतं. चालू झाल्यावर ओपनडब्ल्यूआरटी ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या सगळ्यात नव्या फाइलची तारीख बघून वेळ लावतं, मग एनटीपीने (नेटवरच्या वेळ-सर्व्हरला विचारून) खरी वेळ घेतं. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो आणि समोरचा मागच्यापेक्षा जुना शिक्का स्वीकारत नाही. रावेरचं घड्याळ ३१ मे दाखवत होतं. एनटीपीने सुधारायला हवं, तर एनटीपी सर्व्हरच्या नावाचा पत्ता डीएनएसला विचारावा लागतो, आणि मी गेल्या आठवड्यात मोठ्या हुशारीने सगळ्यांचं डीएनएस टनेलमधून जळगावकडे वळवलं होतं. वेळ नाही म्हणून टनेल नाही, टनेल नाही म्हणून डीएनएस नाही, डीएनएस नाही म्हणून वेळ नाही.

एनटीपीच्या नावांपुरतं डीएनएस सरळ बाहेरून जाऊ दिलं. साच्यातली एक ओळ, सहा ठिकाणी दुरुस्त. बाकीच्या पाच ठिकाणी लाइट गेली नव्हती म्हणून ती वाचली होती, नाहीतर सगळी एकदम बसली असती. साच्याचा हा दुसरा चेहरा : चूकही एका कमांडमध्ये सगळीकडे पोचते. आता नवा बदल आधी भुसावळला लावतो, कारण तिथे चालत जाता येतं, आणि मुद्दाम प्लग काढून बघतो. दोन दिवसांनी बाकीचे.

१९ जून, यावल

ओपनडब्ल्यूआरटी २३.०५ वरून २४.१० वर आणताना. सिसअपग्रेड (नवी आवृत्ती चढवणारी कमांड) कॉन्फिग जपतं, वरून टाकलेली पॅकेजेस जपत नाही. फाइलमध्ये वायरगार्डचा इंटरफेस होता, वायरगार्डच नव्हतं. मला माहीत होतं आणि तरी विसरलो. आता वायरगार्ड आतच असलेली इमेज (राउटरवर चढवायची अख्ख्या सिस्टिमची फाइल) मी लॅपटॉपवर इमेज बिल्डरने बनवतो. वेबवरूनही हवी ती पॅकेजेस घालून इमेज मिळते आणि पहिल्या बूटला चालणारी स्क्रिप्टही तिथे देता येते, पण त्या स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहू नका. ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते.

याच खेपेला आणखी एक : माझा साचा नेटवर्कची फाइल पूर्ण बदलून टाकायचा आणि गेटवेने स्वतः बनवलेली प्रायव्हेट की तिच्याबरोबर पुसली जायची. आता की वेगळ्या फाइलमध्ये राहते, सिसअपग्रेडच्या जपायच्या यादीत तिचं नाव आहे, आणि ती गेटवेवरच इंटरफेसमध्ये भरली जाते. माझ्या लॅपटॉपवर ती कधी येतच नाही.

२८ जून, सावदा

रंगीत तालीम. सुपरवायझरला एक कोरा राउटर दिला, चालू गेटवे काढून ठेवला आणि मी बाहेर हापशाजवळ जाऊन बसलो. फोनवरच बोलायचं असं ठरलं.

इमेज त्याने चढवली. पहिल्या बूटला राउटरने स्वतःची वायरगार्ड की बनवली आणि पब्लिक की एका पानावर दाखवली. ती त्याने मला पाठवली. कुठे? ग्रुपवर. मी हसलो आणि काही बोललो नाही, कारण पब्लिक की दिल्लीच्या व्यापाऱ्यांनी वाचली तरी काही बिघडत नाही. भीती फक्त एवढीच की दुसऱ्या कुणी स्वतःची की टाकून ‘ही आमची’ म्हणावं. म्हणून फोनवर शेवटची आठ अक्षरं वाचून घेतली आणि मगच जळगावला नोंदवली. टनेल उभा राहिला, पीपीपीओईचा पासवर्ड मी स्क्रिप्टने पाठवला.

एवढं होईपर्यंत राउटरला बाहेरची लाइन कुठून, हा प्रश्न तालमीतच निघाला. पासवर्डशिवाय लाइन नाही आणि लाइनशिवाय पासवर्ड पाठवता येत नाही. सुपरवायझरच्या फोनच्या हॉटस्पॉटवर राउटरचा वायफाय जोडून वेळ निभावली. आता ते इमेजमध्येच ठरवून ठेवलंय.

५२ मिनिटं. त्यातली वीस हॉटस्पॉटमध्ये. २ मेला दीड दिवस लागला होता.

११ जुलै

हिशोब. नवे राउटर दोन, ७,६०० (दुसरा कोरा, जळगावला राखीव). छोटे डीसी यूपीएस सात, प्रत्येकी १,४००. सीरियलची यूएसबी वायर २५०, तीन मेपासून रोज वाटत होतं घ्यावी, २८ मेला घेतली. पत्र्याच्या कुलूपबंद पेट्या सात, प्रत्येकी ९००, फेलसेफच्या बटणापर्यंत कुणाचाही हात पोचू नये म्हणून. रावेरची पेटी मी पत्र्याच्या छपराखाली लावली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात आतला राउटर इतका तापला की हात ठेववेना आणि दुपारी दोन ते पाच स्वतःच रीबूट होत राहिला. पेटीला खालून-वरून भोकं पाडून ती उत्तरेच्या भिंतीवर खाली घेतली. माझे दिवस मोजले तर बावीस, त्यातले नऊ चुका निस्तरण्यात.

वेबवरच्या पानातून बॅकअप घेणं सगळीकडे बंद. सुपरवायझरच्या फोनमधली जानेवारीची फाइल त्याच्यासमोर पुसली, बाकी ४५ जणांचं माझ्या हातात नाही. तिच्यातलं आता काहीच चालत नाही.

रावेरच्या पॅकहाऊसमध्ये वायफायचा नवा पासवर्ड काट्याशेजारच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने लिहिलाय, वर बाण काढून. गाडीवाले रोज विचारतात म्हणे. पुसायला सांगितलं तर आप्पा म्हणाले, "दिवाळीला रंग द्यायचाच आहे, तवा बघू." मी तो वायफाय पाहुण्यांच्या वेगळ्या झोनमध्ये टाकला. तिथून फक्त इंटरनेट दिसतं, काटा, कॅमेरे आणि चेंबर दिसत नाहीत. त्यांचा वायफाय वेगळा, त्याचं नाव लपवलेलं आणि पासवर्ड सॉप्समध्ये. भिंतीवरचा पासवर्ड साच्यातही उघडाच लिहिलाय, कमिट अडवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्या एका ओळीपुरती सूट देऊन.